ड्रायव्हरदादांची टोपी

स्त्री आणि पुरुष समान आहेत, हे सनातन सत्य आमच्या समाजाने गेल्या महिन्यात एकमताने मंजूर केलं. मतदानाला फक्त पुरुष होते. ठराव मंजूर होईपर्यंत बायकांना मत नव्हतं, त्याला कोण काय करणार?

आमचा समाज म्हणजे या शहरातली मूठभर घरं. बाहेर शहराची भाषा, घरात आपली. महिन्यातून एकदा छापखान्यावरच्या खोलीत सभा भरते. रीत अशी, की परक्या बाईशी पुरुषाने थेट बोलायचं नाही. तिच्या घरच्या पुरुषाला सांगायचं. तो तिला सांगणार, आणि तिचं उत्तर आपल्याला. घरात पुरुषच उरला नसेल तर? पूर्वज हुशार. अशा बाईने गेलेल्या पुरुषाची टोपी आणून शेजारच्या खुर्चीवर ठेवायची आणि सगळ्यांनी टोपीशी बोलायचं.

अशी टोपी एकच होती, ड्रायव्हरदादांची. दादा गेले. मुलगी समाजाबाहेर लग्न करून गेली. फोनवर ती शहराच्या भाषेत बोलते. नातवाला तर आजीची भाषा म्हणजे खोकला वाटतो. मागे उरल्या त्या दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी. त्या गणवेशांच्या कारखान्यात मशीनवर काजं करतात. तिथे बोलायचं ते मशीनच्या वरताण ओरडून, तेही शहराच्या भाषेत. घरी आल्यावर आपल्या भाषेत बोलायला एक भिंत, आणि भिंतीला नुसतेच कान. त्यामुळे सभा म्हटली की वहिनी सगळ्यांच्या आधी हजर.

"दादा, वहिनींचा गुडघा कसा आहे?" घड्याळजी टोपीला विचारायचे.

"सांगा त्यांना, कुरकुरतोय," वहिनी टोपीला सांगायच्या. "आणि विचारा, त्यांनी दुरुस्त केलेलं आपलं घड्याळ अजून मागे कसं पडतं?"

"दादा, घड्याळ बरोबर आहे म्हणावं. वहिनीच पुढे धावतात!"

खोली हसायची. टोपी तेवढी गंभीर असायची. एवढ्या गप्पांवर वहिनी महिना काढायच्या.

ठरावाने टोपी रद्द झाली. अध्यक्ष, म्हणजे आमचे सलूनवाले काका, गहिवरून म्हणाले होते, "यापुढे आपल्या भगिनींना कुणाच्या टोपीची गरज नाही!" टाळ्या इतक्या पडल्या, की खालचा छापखानेवाला वर येऊन बघून गेला.

परवा समानतेची पहिली सभा भरली.

"तुझी बायको कुठंय रे?" कुणीतरी एकाला विचारलं.

"नाही येत म्हणाली."

"विचारलंस तिला?"

"विचारायचं काय त्यात? ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक नाही?"

म्हणून बायकांत आल्या त्या एकट्या वहिनी. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने. घड्याळजींनी सवयीने तोंड उघडलं, शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मिटलं. थेट बोलायला जीभ रेटेना. बाकीचे पंखा न्याहाळू लागले. छताच्या पंख्याला एवढा मान कधी मिळाला नसेल. चहा आला, वहिनींचा कप कुणीतरी रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि विस्तवाला हात लागल्यासारखा मागे सरला.

"घड्याळ अजून मागेच पडतंय हं," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींचे कान लाल झाले. ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. वहिनी एकट्याच थोडंसं हसल्या. मग चहा पिऊ लागल्या. तो निवला होता.

शेवटी अध्यक्ष डोक्यावरची टोपी सारखी करत उभे राहिले आणि पंख्याला उद्देशून म्हणाले, "आजच्या या ऐतिहासिक दिवशी भगिनींनी निःसंकोच मागणी करावी! हक्क, पद, म्हणाल ते! समाज कान देऊन ऐकतोय!"

चिटणिसाने पेनचं टोपण काढलं.

वहिनी उभ्या राहिल्या. गुडघा कुरकुरला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"काका," त्या थेट त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "घटकाभर तुमची टोपी या खुर्चीवर ठेवता का?"