थोरलीने विमा उलटा करून पाहिला

थोरली शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट पास की नापास, हे ठरवायचं तिचं काम. एकवीस वर्षं ती एका लांब टेबलापाशी उभी होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकही शर्ट आधी सुलट्या बाजूने बघितला नव्हता. हातात आला की उलटा करायचा, काखेतली शिलाई दोन्ही हातांनी ताणायची, मग कॉलर, मग कफ, आणि वेळ उरलाच तर तो दिसतो कसा ते. "दिसायला सगळेच चांगले दिसतात गं," ती म्हणायची, "खरं काय ते काखेत कळतं."

धाकटीला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, या वाक्याची लग्नापासून धास्ती होती.

कारण धाकटीला फिट यायची. सोळाव्या वर्षी पहिली आली. पुढे गोळी लागू पडली आणि गेल्या अकरा वर्षांत एकदाही काही झालं नव्हतं. पण गोळी रोज घ्यावी लागे आणि ही गोष्ट सासरी कुणाला, अगदी नवऱ्यालाही, ठाऊक नव्हती. लग्नाआधी तिची आई म्हणाली होती, "गोळी चालू आहे तोवर काही होत नाही. आणि जे होत नाही ते सांगायचं कशाला?" धाकटीने ऐकलं, व्हिटॅमिनच्या डबीत गोळ्या भरल्या आणि सहा वर्षं संसार केला. भरल्या घरात सहा वर्षं एक गोष्ट लपवणं हे काही खायचं काम नाही.

आजवर निभावलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. थोरला दीर बसच्या वर्कशॉपमध्ये होता. तिथल्या कामगार संघटनेने काढलेल्या सामूहिक विम्यात घरची सहाही माणसं एका सहीत बसली होती: सासरे, थोरला, थोरली, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, धाकटा आणि धाकटी. मग एक दिवस संघटनेचं पत्र आलं. विमा महिनाअखेर बंद, पुढचं ज्याने त्याने बघावं.

"आपणच बघायचं तर नीट बघू," थोरली म्हणाली, आणि धाकटीने व्हिटॅमिनची डबी कपाटात आणखी मागे सरकवली.

पाच कंपन्यांची माहितीपत्रकं घरात आली. प्रत्येकावर एक कुटुंब खदाखदा हसत होतं. इतक्या आनंदाने दवाखान्यात जाणारी माणसं कुठे राहतात देव जाणे. कंपन्यांची नावं सासऱ्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून चित्रांवरून टोपणनावं पडली: छत्रीवाली, आजोबावाली, निळी, पळणारी आणि बाळवाली. धाकटी कुरियरच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर याद्या भरायची, तेव्हा तक्ता करणं तिच्याकडे आलं. तिने तो मन लावून केला. कोण कुठला खर्च देतं, कुणाची किती हॉस्पिटलं, सगळं रंगीत रकान्यांत.

थोरलीने तक्ता चष्म्यातून पाहिला, चष्म्यावरून पाहिला. "झकास झालाय. आता उलटा कर."

"म्हणजे, ताई?"

"काय देतात ते तू लिहिलंस. काय देत नाहीत ते लिही."

मग तीन संध्याकाळी दोघी जावा जेवणाच्या टेबलाशी बसल्या. कारखान्यात दोष दाखवायला शर्टावर लाल बाणाच्या बारक्या चिकट्या लावतात. त्याची एक पट्टी थोरलीने घरी आणली होती. ती पॉलिसीचं पुस्तक शेवटच्या पानापासून उघडायची, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं बोटाने वाचायची आणि खटकलं की बाण. दहावीच्या पुढे ती शिकली नव्हती. पण एखादं वाक्य अर्ध्या पानाचं असलं तरी ते कुठे पाय काढून घेतंय हे तिला बरोबर कळायचं. "हे बघ, इथे 'सर्व' म्हणतात, आणि खाली तारा काढून 'सर्व'मधून सोळा दुखणी वजा करतात. लबाड मेले." आजोबावालीला तिसऱ्या संध्याकाळपर्यंत इतके बाण लागले की आजोबा दिसेनात.

धाकटी बघत राही. या बाईला फसवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, असं तिला वाटे, आणि अभिमानाने ऊर भरून येई. लगेच आठवे की आपण सहा वर्षं तेच करतोय.

वाचून झाल्यावर कुणीही कंपनी निवडली असती. थोरलीने सुट्टी काढली आणि धाकटीला घेऊन थेट हॉस्पिटलात गेली. तिथे विम्याची खिडकी होती, समोर लोखंडी बाकं. थोरली एका बाकावर बसली ती सकाळी दहापासून चारपर्यंत. फाइल घेऊन खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला ती सरळ विचारायची, "तुमची कुठली कंपनी? किती वेळ झाला?" माणसं आधी दचकायची आणि मग घडाघडा बोलायची. पळणारी कंपनी मंजुरीला सगळ्यात जास्त रेंगाळते, हे तिथे कळलं. बाळवालीच्या एका गिऱ्हाइकाने तर पॉलिसी काढताना स्वतःचा जुना दमा सांगितला नव्हता. ते कळल्यावर कंपनीने सगळ्या घराचीच पॉलिसी रद्द केली, आणि आता त्याच्या बायकोचं ऑपरेशनही अडलं होतं. तो गृहस्थ डोकं धरून बसला होता. थोरलीने त्याला पाणी आणून दिलं आणि धाकटीला म्हणाली, "लिही. एकाने लपवलं की सगळ्यांची शिलाई सुटते."

धाकटीने लिहिलं. अक्षर तिचं तिलाच वाचता येईना.

शेवटी उरल्या दोन, छत्रीवाली आणि निळी. त्यात छत्रीवाली उजवी ठरली, आणि तीही थोरलीच्या गुडघ्यामुळे. एकवीस वर्षं उभं राहून तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. छत्रीवाली गुडघ्याचा खर्च एका वर्षाने देणार होती, निळी तीन वर्षांनी. बाकी दोघींत फारसं डावंउजवं नव्हतं. सगळ्यांनी एकमताने छत्रीवालीवर शिक्का मारला. वर्षभराने ताई जिना धड चढतील, या विचाराने धाकटीला मनापासून बरं वाटलं.

रविवारी सकाळी छत्रीवालीचा प्रतिनिधी फॉर्म घेऊन आला. गोड बोलणारा, भांग चोपून पाडलेला. तो म्हणाला, "जुनी बारीकसारीक दुखणी लिहायच्या फंदात पडू नका. कंपनी उगाच प्रश्न काढते. मी सांभाळून घेईन."

"साहेब," थोरली म्हणाली, "आमच्याकडे डागावर घडी घालणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. फॉर्म ठेवून जा."

तो गेला. थोरलीने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. "ज्याला जे आहे ते बोलायचं. लाजायचं नाही आणि हसायचं नाही. आधी माझं. गुडघा सगळ्यांना माहीत आहे. शिवाय दोन वर्षांपासून मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणून मी टीव्ही मोठा लावते, हौस म्हणून नाही."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "मला मूळव्याध आहे. सायकलच्या सीटला मी उगाच नावं ठेवत होतो." मुलगी ओठ दाबून छताकडे बघू लागली. थोरल्याने रक्तदाब सांगितला. धाकटा म्हणाला, "मला काही नाही." थोरली म्हणाली, "चार वर्षांपूर्वी किडनीत खडा झाला होता तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस, तो काय शेजाऱ्यांचा होता?" आणि खडा लिहिला.

मग पेन धाकटीपाशी येऊन थांबलं.

गप्प बसणं सोपं होतं. पण हॉस्पिटलातला तो डोकं धरून बसलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आपण आज गप्प बसलो आणि वर्षभराने ताईंचं ऑपरेशन आपल्यामुळे अडलं तर?

"मला फिट येते," ती म्हणाली. "सोळा वर्षांची असल्यापासून. अकरा वर्षांत आलेली नाही, पण रोज गोळी घ्यावी लागते."

नवऱ्याचा चेहरा पडला. "सहा वर्षं? मला सांगितलं नाहीस?"

"ते भांडण तुमच्या खोलीत, दार लावून, हवं तितका वेळ घाला," थोरली त्याला म्हणाली. "तिचं चुकलंच. पण सांगितलं तिने, तेही आपणहून." मग धाकटीकडे वळून, "गोळी कुठली? कधी घेतेस? चुकवत नाहीस ना?"

तेव्हा मात्र धाकटीला रडू फुटलं. सहा वर्षांत गोळी घेतलीस का, असं विचारणारं तिला कुणी नव्हतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत थोरलीने दोन्ही कंपन्यांना फोन लावले आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या, चपला काढायच्याही आधी, सांगून टाकलं. "छत्रीवाली पाच जणांना घेते म्हणतात. धाकटीला नाही. निळी सहाही जणांना घेते. फिटचा खर्च दोन वर्षांनी सुरू. त्यांचा डॉक्टर आधी तिच्याशी फोनवर बोलणार. मी निळीला हो सांगितलं."

"ताई, अहो, तुमचा गुडघा!" धाकटी उठून उभी राहिली. तक्ता तिनेच केला होता. कुठल्या रकान्यात काय आहे हे तिला पाठ होतं. "तीन वर्षं थांबावं लागेल. मला सोडा, तुम्ही पाच जण छत्रीवालीत जा. मी वेगळं काही बघते."

"वेगळं काय बघणार? मी सगळं बघून बसलेय." थोरली खुर्चीत टेकली आणि गुडघा चोळू लागली. दुखत होता, ते तिने लपवलं नाही. "गुडघा मला सांगून दुखतो. मी बसू शकते, मलम लावू शकते, सुपरवायझरशी भांडून स्टूल मागू शकते. तुझं तसं नाही. तुझं कधी यायचं ते मला विचारून येणार आहे का? आणि एका घरातली पाच माणसं आत, एक बाहेर, असा विमा माझ्या हातून पास होणार नाही. संपला विषय."

एवढी मोठ्या मनाची बाई धाकटीने दुसरी पाहिली नव्हती. आपण हिला घाबरत होतो याची तिला मनापासून लाज वाटली.

थोरलीचा विषय संपला होता, काम संपलं नव्हतं. धाकटीच्या डॉक्टरांना भेटून तिने सगळं विचारून घेतलं आणि बुधवारी घरात, फिट आली तर काय करायचं याची, तालीम लावली. मुलीला जमिनीवर आडवं केलं. "कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, काहीही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स बोलवायची." सासऱ्यांनी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा घड्याळ बघायचं विसरले. तिसऱ्यांदा करायला लावलं. धाकटा दोन दिवस फुगून होता. तो तालमीत न बोलता सामील झाला, आणि झाल्यावर बायकोला एवढंच म्हणाला, "तुझ्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी मीही येतो."

शुक्रवारी दुपारी, कुरियरच्या ऑफिसात असताना, धाकटीला निळीच्या डॉक्टरांचा फोन आला. ती गोदामाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. डॉक्टरबाईंचा आवाज थकलेला होता. दिवसभर अनोळखी माणसांना त्यांची दुखणी विचारून कुणीही थकेल. पहिली फिट कधी, शेवटची कधी, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम. धाकटी न अडखळता उत्तरं देत गेली.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या या आजाराबद्दल घरात कुणाला माहीत आहे?"

हा प्रश्न कुणी कधी विचारेल म्हणून धाकटी सहा वर्षं घाबरून होती. तिला आता उत्तर द्यायची घाई झाली.

"सगळ्यांना," ती म्हणाली.