शिंपीण काकूंचा बटणांचा डबा

मी बटणांचा डबा बोलतोय. पत्र्याचा आहे, झाकण जरा घट्ट. शिंपीण काकूंच्या शिवणयंत्राशेजारी बसून असतो. त्यांची खोटी स्तुती मी करत नाही. खरीच पुरून उरते.

काकूंच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. तिथे बायका मापं देता देता मनातलंही बोलतात. त्यातून काकूंना कळलं, की आरोग्य केंद्रात गर्भनिरोधक गोळ्या फुकट मिळतात, पण त्या घरी ठेवायच्या कुठे? एका खोलीत सारं घरदार, उशीखालची सुईसुद्धा लपत नाही. काकूंनी माझी निम्मी बटणं बाटलीत ओतली आणि गोळ्यांची पाकिटं माझ्यात ठेवली. ओळखायला प्रत्येकीच्या पाकिटाला वेगळ्या रंगाचा दोरा. बाई उंबऱ्यात आली, की काकूंचा हुकूम, "आधी गोळी, मग गप्पा!"

निळा दोरा बेकरीत काम करणाऱ्या एका सुनेचा. दुसरं मूल ध्यानीमनी नसताना राहिलं, तेव्हा तिची नोकरी गेली आणि तान्ह्याला सांभाळायला थोरलीची शाळा सुटली. आता कुठे नोकरी परत मिळाली होती, पोरगी शाळेत जाऊ लागली होती. इतक्यात तिसरं नको, हे नवऱ्यालाही पटलेलं. पण आईसमोर तोंड उघडायची त्याची टाप नव्हती.

एका दुपारी ती सासूच दुकानात आली. काकू आत गेल्या होत्या. बटण शोधायला तिनं माझं झाकण उघडलं आणि माझं धाबं दणाणलं.

"या गोळ्या कुणाच्या हो?"

"माझ्या," पिकल्या केसांच्या काकू बाहेर येत बेधडक म्हणाल्या.

"या वयात?" सासूबाईंना हसू आवरेना. मग त्या खुर्चीत बसल्या. "सून रोज इथे थांबते. रोज कोण कपडे शिवतं? यातली तिची कुठली?"

"ते मी सांगणार नाही. तिलाच विचारा."

सासूबाईंनी माझं झाकण दाबून लावलं. "मला सहा झाली. चौथ्या वेळी गिरणीतलं काम सुटलं, ते सुटलंच. मला कुणी विचारलंच नाही."

संध्याकाळी सून आली. डोळे रडून लाल, पण चेहरा हसरा. "काकू, माझं पाकीट द्या. आई म्हणाल्या, घरात कपाट असताना चोरून कशाला?"

कुणाच्या जाण्यानं मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

बाकीचे दोरे अजून माझ्याकडे आहेत. मी त्यांना जिवापाड जपेन. पण त्यांच्या घरच्यांनो, एवढं करा, तुमच्या घरात त्यांना जागा द्या. मी रिकामा पडलो तरी चालेल.