दही तेवढं राहिलं

यादवरावांनी दह्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि एक हात भिंतीला टेकवून श्वास घेतला. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही, आणि वाण्याचं दुकान पार चौकात.

"आणलंत? बरं झालं," सुवर्णाबाई कढईत पाहत म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. "अहो, कढीपत्ता सांगायचा राहिलाच."

"मघाशी विचारलं होतं ना मी, अजून काही हवंय का म्हणून?"

"विचारलं होतंत?"

एरवी यादवराव तडकले असते. आज त्यांनी फक्त बायकोच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, चपला पुन्हा पायांत सरकवल्या आणि कठडा धरून खाली उतरू लागले.

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती. स्टेंट बसला, जीव वाचला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, रोज चाला. पण व्यायामाचा यादवरावांना मनापासून तिटकारा. सातपूरच्या कारखान्यात लेथ मशीनपुढे सगळं उभं आयुष्य उभ्यानेच गेलं, आता बसायचे दिवस, असं ते म्हणत. लेकीने, छायाने, चालण्यासाठी बूट आणून दिले ते खोक्यातच राहिले. बागेतल्या हास्यक्लबात एकदा गेले आणि कारण नसताना काय हसायचं, म्हणत परतले. काम नसताना नुसतं चालत सुटणं त्यांना येडेपणा वाटे. सुवर्णाबाईंनी समजावलं, मग भांडून पाहिलं, शेवटी त्या गप्प झाल्या.

आणि मग त्या विसरू लागल्या.

कधी चष्मा गच्चीवर, कधी छत्री देवळात. गिरणीतून गव्हाचं पीठ आणावं, तर बाजरीचा डबा तिथेच राहिलेला. साऱ्या गोतावळ्याच्या लग्नांच्या तिथी जिला पाठ, ती ही बाई. पहिल्यांदा यादवरावांना राग आला. नंतर भीती वाटू लागली, आणि ती कोणाला सांगवेना. सुवर्णाबाई रस्ता ओलांडायला निघाल्या की ते मागोमाग जात. गॅसची बटणं चाचपून पाहत. धुणं वाळत घालायला ती गच्चीवर एकटी नको, म्हणून बादली स्वतः वर नेऊ लागले. त्यांची पँट कमरेवरून घसरायला लागली, ती काळजीने, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कढीपत्ता घेऊन झाल्यावर त्यांनी दुकानाच्या आडोशाला उभं राहून छायाला फोन लावला.

"बाबा, वय झालं की होतं असं थोडंफार."

"तुझ्या आईचं नाही होत," ते म्हणाले. "मी नंबर लावलाय. माझा बीपी दाखवायचाय असं सांगून नेतो तिला."

गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यातली डॉक्टर छायाच्याच वयाची होती. तिने यादवरावांचा बीपी घेतल्यासारखं केलं आणि खुर्ची सुवर्णाबाईंकडे वळवली. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात. सुवर्णाबाई उत्तरं देत गेल्या. वारासोबत तिथीही सांगितली. यादवराव मांड्यांवर हात घट्ट दाबून बसले होते.

"तपासणी यांची आहे ना?" सुवर्णाबाईंनी मध्येच विचारलं.

डॉक्टरने यादवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"काकू, तुम्हाला हल्ली आठवत नाही, असं काकांना वाटतंय."

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हो. विसरते मी."

"गॅस बंद करायला विसरता?"

"नाही."

"काकांच्या गोळ्या?"

"त्या कशा विसरेन?"

"मग काय विसरता?"

सुवर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कढीपत्ता. दही. गच्चीवरची चिमट्यांची टोपली."

"कधीपासून?"

"हे दवाखान्यातून घरी आले ना, त्यानंतर थोड्या दिवसांनी."

डॉक्टरचं पेन थांबलं. "आणि हे सगळं आणायला जातं कोण?"

"मीच जातो," यादवराव म्हणाले, "दुसरं कोण जाणार?" आणि आपलंच वाक्य त्यांच्या कानात राहिलं.

डॉक्टर जरा हसली. काकूंची स्मरणशक्ती उत्तम आहे, औषधाची गरज नाही, एवढंच म्हणाली.

बाहेर लिफ्ट होती. यादवराव तिच्यासमोरून तरातरा जिन्याकडे गेले. सुवर्णाबाई मागे.

"अहो, सावकाश."

ते मधल्या वळणावर थांबले. दबक्या स्वरात बोलले. "महिना झाला, मला धड झोप नाही."

"बूट घालत नव्हतात. भांडून झालं, रडून झालं. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर गेला असतात?"

यादवराव कठड्यावर मूठ दाबून उभे राहिले.

"आईचं असंच सुरू झालं होतं, सुवर्णा. आधी मीठ कुठे ठेवलं ते. मग किल्ली. आणि एक दिवस मी कामावरून आलो, तर मला म्हणाली, या पाव्हणं, कुठल्या गावचे तुम्ही?"

सुवर्णाबाईंचा हात पदरावरच राहिला. सासूला, लंकाबाईंना, शेवटपर्यंत त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, त्यांनीच घास भरवले होते. त्या सावकाश पायरीवर टेकल्या.

"माझ्या ध्यानातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "हे मात्र मी खरंच विसरले."

गुडघ्यावर हात ठेवून यादवरावही शेजारी बसले. हातात फाईल घेतलेला एक माणूस वर चालला होता, त्याला वाट द्यायला दोघांनी पाय आखडून घेतले. सुवर्णाबाईंनी यादवरावांच्या हातावर आपला हात ठेवला. तो त्यांनी ठेवू दिला.

"आता उद्यापासून नाही जाणार ना तुम्ही?"

यादवराव कठडा धरून उठले.

"जाईन," ते म्हणाले. "पण सगळं एकदम सांगत जाऊ नकोस."