उवा नेमक्या कुणाच्या

उवा बारामतीहून आल्या, असा निकाल भामाबाईंनी चहा थंड व्हायच्या आत दिला. पुरावा मागायची त्या घरात पद्धत नव्हती. भावाने मे महिन्यात दुसरं लग्न केलं, नव्या बायकोबरोबर बारामतीहून तिची मुलगी आली आणि तीन आठवड्यांत भावाची मुलगी डोकं खाजवू लागली. आणखी तपास कशाला?

भाऊ म्हणजे गोकुळ, भवानीनगरला कारखान्यात फिटर. नवी बायको रोहिणी, तिची मुलगी सोनल. गोकुळची म्हाळसा. दोघी अकरा वर्षांच्या. दोघींत मिळून एक खोली, एक आरसा, एक पलंग. म्हाळसाने पहिल्याच दिवशी पलंगाच्या मधोमध उशी ठेवून हद्द आखली होती. उवांनी ती मानली नाही.

सोनलची वेणी कमरेखाली जायची. ती घालायला रोज दहा मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ आरसा तिचा. रविवारी ही वेणी मानेपाशी कापायची, असं भामाबाईंनी जाहीर केलं. औषध लावून बघू, असं रोहिणी म्हणाली. औषधाने उवा जातात, सवयी जात नाहीत, असं उत्तर आलं. घरात येऊन महिनाही न झालेल्या रोहिणीने पुढे तोंड उघडलं नाही. सोनलने शनिवारी वेणी तीनदा सोडली आणि तीनदा घातली, एवढंच.

म्हाळसाला मात्र उवांची जन्मतारीख माहीत होती. एप्रिलमध्ये ती इंदापूरला मामाकडे आठवडाभर राहून आली, तेव्हापासून डोक्यात हालचाल होती. वडिलांच्या लग्नाच्या फोटोत केस मोकळे सोडायचे म्हणून तिने ते लपवलं. आता आळ आपोआप दुसरीवर गेला होता. वेणी गेली की आरसा मोकळा, शिवाय सोनल रुसून बारामतीला आजीकडे जाण्याची शक्यता होती. बेत चांगला होता.

रविवारी अंगणात स्टूल मांडलं. सोनल खांद्यावर टॉवेल घेऊन बसली. भामाबाईंनी वेणी मुठीत धरली तेव्हा तिने डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "कापलेली मला मिळेल का?"

रडणं, शिव्या, आदळआपट, या सगळ्याची म्हाळसाने तयारी ठेवली होती. याची नव्हती.

"आत्या, थांब. उवा माझ्या हायत."

"गप बस. तुला काय कळतंय?"

"इंदापुरातनं आणल्यात मी. लग्नाच्या आधीपासनं हायत. लग्नात तू माझ्याच उशीवर झोपलीस, तुझ्याबी डोक्यात आसतील."

भामाबाईंचा हात पदराखाली डोक्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"म्हंजी ही पोरगी इतकं दिस बोलणी खातीय आन तू नुस्तं बगतीयास?"

"व्हय."

निकाल मागे घ्यायची भामाबाईंना सवय नव्हती; त्यांनी फक्त आरोपी बदलला. पाच मिनिटांत म्हाळसा स्टुलावर होती आणि कात्री तिच्या कानाजवळून चालली होती. रोहिणीने पुन्हा औषधाचं नाव काढलं. ऱ्हाऊ दे, कापू दे, असं म्हाळसाच म्हणाली.

भामाबाई घाईघाईने न्हाणीत गेल्या. सोनलने समोर उभं राहून पाहणी केली.

"डावी बाजू वर गेलीय. माकड दिसतेयस."

"मग तू कर की नीट."

सोनलने कात्री उचलली. "आधीच सांगायला हवं होतंस."

"व्हय."

"मी अजून माफ केलेलं नाही. मान खाली घाल."

म्हाळसाने घातली.