बावीस पत्रांचा संघ

केल्डनमध्ये त्या उन्हाळ्यात केंट लिंडक्विस्टला अक्कल शिकवली नाही, असा माणूस शोधून सापडला नसता. लिंडक्विस्ट गावच्या बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, कुणाला दुसऱ्या गावाला देऊन बदल्यात कुणाला आणायचं, हे ठरवणं त्याचं काम. साठपैकी एकेचाळीस सामने संघ हरला होता. पोस्टमन पत्रं टाकता टाकता लिंडक्विस्टच्या चुका मोजायचा. दंतवैद्य हॉफस्ट्रा तर पेशंटच्या तोंडात आरसा घालून मगच विषय काढायचे, म्हणजे समोरच्याला वाद घालायची सोय उरत नसे.

संघ गावाच्याच मालकीचा होता. जवळजवळ तीस घरांकडे त्याचा एकेक शेअर होता, आणि तो चौकट करून, लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेला असे. दर ऑगस्टमध्ये एका रविवारी, चर्च सुटलं की अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मालकांची सभा भरायची. एरवी लोक फळं भरून भाजलेल्या ब्लूबेरी पायसाठी जात. यंदा मात्र लिंडक्विस्टला ठेवायचं की काढायचं याचा निकाल लागणार होता, आणि निकाल काय लागणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

तरी न्याय झाला असं दिसायला हवं. म्हणून अध्यक्ष हॅरल्ड ओटिंगर सभेच्या आठवडाभर आधी वोस्बर्गबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. अर्लीन वोस्बर्ग यांनी छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला होता. गावातल्या निम्म्या मालकांना त्यांनीच भागाकार शिकवला होता, आणि सारं गाव त्यांना बाईच म्हणे. ओटिंगरचं आता मोठं हार्डवेअरचं दुकान होतं, पण बाईंच्या पायरीवर आला की तो अजून टोपी काढून हातात धरायचा.

"बाई, मॅनेजरचे या मोसमातले सगळे निर्णय तुम्ही तपासायचे आणि सभेत निकाल सांगायचा. तुमच्या तपासणीवर कुणी बोट ठेवणार नाही."

"हॅरल्ड, माझ्या घरी संघातला मुलगा राहतो. हे विसरलास की काय?"

"तसा तर प्रत्येक मालकाकडेच कुणी ना कुणी राहतो. ज्याच्या घरी खेळाडू नाही असा न्यायाधीश हवा तर बाहेरगावाहून आणावा लागेल. मग त्याला ब्लूबेरी पायही द्यावा लागेल."

यात खोटं काही नव्हतं. खेळाडूंना पगार इतका तुटपुंजा मिळे की भाड्याची खोली परवडत नसे. तेव्हा उन्हाळ्याचे चार महिने एकेका घराने एकेक खेळाडू सांभाळायचा, अशी गावाची जुनी रीत होती. घरं कमी पडली की उरलेले चार-पाच जण हायवेवरच्या मोटेलमध्ये राहत. बाईंच्या माडीवर टेट मॅकल्रॉय राहत होता. ओक्लाहोमाचा, चोवीस वर्षांचा, डावखुरा पिचर. म्हणजे समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चेंडू टाकणारा. टेट टाकायचा तो चेंडू त्या माणसाला फारच आवडायचा.

दुसऱ्या दिवशी बाई स्टेडियममधल्या ऑफिसात गेल्या. लिंडक्विस्ट अडतीस वर्षांचा, नीटनेटका माणूस. समोरचा बोलायच्या आधीच मान हलवायची त्याला सवय होती. त्याने जाडजूड फाईल बाईंपुढे ठेवली.

"तेवीस निर्णय आहेत, बाई. तारखेप्रमाणे लावलेत. कागद एकही हरवलेला नाही."

"कागद ठेवण्यात तुम्हाला पैकीच्या पैकी. पण निर्णय तुमचेच ना?"

"सही माझीच आहे," लिंडक्विस्ट म्हणाला.

बाईंना हे उत्तर ओळखीचं वाटलं. गृहपाठ वडिलांनी करून दिलेला असला की मुलं असंच बोलतात, 'अक्षर माझंच आहे, बाई.'

घरी येऊन त्यांनी कॉफी ठेवली, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि फाईल उघडली. प्रत्येक निर्णयाचा एक कागद होता. त्यावर कोण आला, कोण गेला, आणि बहुतेकांच्या मागे टाचणीने लावलेलं, खेळाडू सांभाळणाऱ्या मालकाचं पत्र.

पहिलं पत्र पाद्री स्टाउट यांचं होतं. त्यांच्याकडे राहणारा लेनी ड्रॅस्ट शॉर्टस्टॉपच्या जागी, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत चेंडू अडवायला, उभा राहायचा, आणि त्याच्या हातून मोसमात सव्वीस चेंडू निसटले होते. 'लेनी जेवणाआधी रोज प्रार्थना म्हणतो आणि तीही कधी घाईघाईने उरकत नाही,' असं पाद्रीबुवांनी लिहिलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, 'मैदानावरही त्याला घाई नसते.' दुसरं हॉफस्ट्रा यांचं. त्यांच्याकडचा धिप्पाड फटकेबाज सात वेळा बॅट फिरवी तेव्हा एकदा चेंडूला लागे, पण घरी मुलींच्या पियानोवर सुरेख गायचा. तिसरं खुद्द ओटिंगरचं. त्याच्याकडे राहणारा कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, सुट्टीच्या दिवशी दुकानात रंगाचे डबे रचून देत असे. 'असा मेहनती माणूस गावाला पुन्हा मिळणार नाही,' असं ओटिंगर म्हणत होता. गावाला, म्हणजे ओटिंगरच्या दुकानाला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही गोष्ट बाईंनी पालकसभांमध्ये आयुष्यभर पाहिली होती. पण आख्खा संघच त्या तत्त्वावर निवडलेला त्या प्रथमच पाहत होत्या. मग त्यांनी उलट बाजूने तपासलं. ज्यांना घरी पाठवलं त्यांचे पत्ते काढले. सगळ्यांचा पत्ता एकच निघाला, हायवेवरचं मोटेल. मोटेलमधल्यांसाठी पत्र कोण लिहिणार? मोटेलवाल्याकडे शेअरच नव्हता.

बाई खुशीत आल्या. असा पेपर तपासायला मजा येते. ड्रॅस्ट, पियानोवाला, डबेवाला, एकेकावर लाल फुली पडत गेली. नववा कागद उलटला आणि पेन्सिल थांबली.

पत्राचं अक्षर गोल, सुबक, छत्तीस वर्षं फळ्यावर घोटलेलं होतं.

'टेट सभ्य मुलगा आहे. न सांगता भांडी घासतो. सध्या त्याचा आत्मविश्वास डळमळला आहे. आता काढलंत तर तो खचेल. मुलांना वेळ द्यावा लागतो, हे मी अनुभवाने सांगते.'

जूनमध्ये पत्र लिहिलं होतं, हे बाईंना आठवत होतं. शेजारणीला केकची कृती लिहून द्यावी तितक्या सहज त्यांनी ते लिहिलं होतं. त्याखाली लिंडक्विस्टने नीट अक्षरात टिपून ठेवलं होतं, 'बाईंचं ऐकावं. टेट ठेवणे. किरोगा सोडणे.'

रॅमन किरोगा. तेहतीस वर्षांचा, अबोल, मोटेलमध्ये राहणारा पिचर. तेव्हा तो चार सामने जिंकून एकही हरला नव्हता. सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी पोर्ट अॅल्डर गावच्या संघाने त्याला उचलला, आणि तेव्हापासून त्याने एकट्या केल्डनलाच पाच वेळा धूळ चारली होती. बाईंनी फाईल मागे चाळली. तेवीस निर्णयांपैकी एकाच्याच मागे पत्र नव्हतं. मे महिन्यात किरोगाला आणण्याचा. लिंडक्विस्टने मोसमात एकच उदाहरण स्वतः सोडवलं होतं आणि ते बरोबर आलं होतं. बाईंनी ते त्याच्याकडून खोडून घेतलं होतं.

त्यांनी आपलं पत्र टाचणीतून सोडवलं. बाकीची एकवीस पत्रं लिंडक्विस्टला गाडायला पुरेशी होती. एखादा कागद कमी पडला तर कुणाला कळणार होतं? चौथीतली मुलं प्रगतिपुस्तकातलं नेमकं एक पान फाडून आणत आणि कुत्र्याने खाल्लं म्हणत. बाईंकडे कुत्राही नव्हता.

एवढ्यात टेट सरावाहून आला आणि फ्रिज उघडून उभा राहिला.

"किती गुण दिलेत, बाई?"

"तपासून व्हायचंय अजून."

"नापास करा सरळ. माझं पिचिंग बघूनसुद्धा ज्याने मला ठेवलं, त्याला पास करणार कसे?"

तो स्वतःवरच हसला आणि दुधाची बाटली घेऊन वर गेला.  बाईंनी पत्र परत टाचणीत अडकवून त्याच्यावरही लाल फुली मारली. बाकीच्यांपेक्षा जरा मोठी.

रविवारी हॉल गच्च भरला. ब्लूबेरी पाय कापून झाले, कप भरले, आणि लोक ऐटीत टेकून बसले. लिंडक्विस्ट पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून. बाई उभ्या राहिल्या.

"तेवीस प्रश्न होते," त्या म्हणाल्या. "बावीस चुकले. एक बरोबर आला होता, तोही पुढे खोडून टाकलाय."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "तिकीट काढून द्या त्याला, बाई, एकेरी."

"थांबा. उत्तर चुकलं एवढं सांगून भागत नाही. कसं चुकलं तेही सांगावं लागतं. या माणसाने कॉपी केली आहे."

"कुणाची?" ओटिंगरने विचारलं. त्याचा चेहरा अगदी निष्पाप होता.

"शेजारी बसलेल्यांची. आणि शेजारी त्याच्याहून कच्चे निघाले. पहिलं पत्र वाचते. माझं आहे."

त्यांनी ते वाचलं, भांड्यांसकट. मग खालची टीप वाचली, आणि किरोगाने आपल्याला किती वेळा हरवलं ते सांगितलं. काट्यांचे आवाज बंद झाले. पोर्ट अॅल्डरची आठवण पायबरोबर कुणालाच नको होती.

"पुढचं पत्र," बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, "चर्चच्या छापील कागदावर आहे."

पाद्री स्टाउट खोकले. "बाई, सगळी वाचायची गरज आहे का? शेवटी क्षमा म्हणूनही काही असतं."

"आत्ता चर्चमध्ये तुम्हीच म्हणालात ना, झाडाची पारख फळावरून करावी?"

"ते झाडांबद्दल होतं," पाद्रीबुवा म्हणाले.

हॉफस्ट्रा उठले. "माझं ऐका. तरुण माणूस आहे. नवखा आहे. आपण घाई करतोय असं मला वाटतं. पियानोसुद्धा एका उन्हाळ्यात येत नाही." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की पियानो काढायला नको होता.

ओटिंगरने एक डोळा फाईलवर ठेवला. अजून वीस पत्रं होती, आणि त्यातलं एक रंगाच्या डब्यांबद्दल. "ठराव मांडतो," तो भराभर म्हणाला. "लिंडक्विस्ट यांना आणखी दोन वर्षं संधी द्यावी. बाजूने हात वर."

हात असे वर गेले की छपराला टेकू दिल्यासारखे दिसले. लिंडक्विस्टने वळून मागे पाहिलं, सगळ्यांचे हात वर दिसले, आणि आपण मालक नाही हे ध्यानात यायच्या आत त्यानेही आपला अर्धा वर केला.

"विरुद्ध?"

एकच हात उठला. बाईंचा.

सभा मोडल्यावर फाईलपाशी रांग लागली. पाद्रीबुवांना आपल्या पत्रातलं शुद्धलेखन तपासायचं होतं. हॉफस्ट्रांना तारीख पडताळायची होती. ओटिंगरने सरळ आपला कागद काढून टोपीत घातला. पाच मिनिटांत फाईल इतकी हलकी झाली की करंगळीवर पेलली असती. बाईंनी कुणाला अडवलं नाही. ज्याचं त्याने ओळखलं, एवढं तरी झालं.

दाराशी लिंडक्विस्ट आला. "आभार, बाई. आता टेटचं काय करू म्हणता?"

"ते मी सांगायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही."

त्याने मान हलवली. मग आजूबाजूला पाहून तो ओटिंगरकडे चालत गेला.

टेट घरासमोरच्या पायऱ्यांवर बसला होता. बाई शेजारी बसल्या आणि काही न गाळता सगळं सांगितलं, पत्र, टीप, किरोगा. त्यांना वाटलं होतं, पोरगा शरमेल किंवा आभार मानेल. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"जूनमध्ये बेल्सव्हिलच्या संघाचा फोन आला होता, बाई. त्यांना शेवटच्या दोन-तीन डावांपुरता डावखुरा हवा होता. मी मोकळा असतो तर घेतलं असतं."

"हे तू बोलला नाहीस कधी."

"म्हटलं, एवढा मार खाऊनही हे मला ठेवतायत, म्हणजे यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार." तो बाईंकडे वळला. "तुम्ही प्रत्येक सामना बघता. खरं काय दिसतं?"

"तीन डाव तू उत्तम टाकतोस. चौथ्यात खांदा दमतो आणि चेंडू मधोमध यायला लागतो. जूनपासून दिसतंय मला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

वर्गात असा प्रश्न आला की बाई फळ्याकडे वळत. इथे फळा नव्हता. "घरात तुझी सवय झाली होती," त्या म्हणाल्या. "तू जावंस असं वाटत नव्हतं. मुलांच्या हिताचं म्हणून मी लिहिलं ते माझ्या हिताचं होतं, टेट. चुकले मी."

टेट रागावला नाही असं नाही. संध्याकाळचं जेवण तो ताट माडीवर नेऊन जेवला. पण सकाळी त्याने स्वतःच बेल्सव्हिलला फोन लावला. जूनची जागा भरली होती. तरी ये, टाकून दाखव, तीन डाव बघू, असं तिथला प्रशिक्षक म्हणाला. शब्द काही दिला नाही. टेट पायीच स्टेडियमकडे गेला, 'मला मोकळं करा' हे लिंडक्विस्टला सांगायला.

अर्ध्या तासाने बाईंच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"बाई, टेट माझ्यासमोर बसलाय," लिंडक्विस्टचा आवाज दबका होता. "स्वतःच जातो म्हणतो. याबद्दल कुणाचं पत्रच आलेलं नाही. सही करू का?"

बाईंनी फोन ठेवला आणि त्या माडीवर टेटचे शर्ट घडी करायला गेल्या.