काळी एकला चिकटवलेली श्रुतीपेटी

‘सा बदलायचा नाही. का, ते विचारायचं नाही.’ अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावात सुमंतकाकांच्या बेसमेंटमध्ये गाणं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला गेली पंचवीस वर्षं हेच सांगितलं जातं. मला तर सांगितलंही नाही. सरळ चिकटवून टाकलं.

मी श्रुतीपेटी. गाणाऱ्याच्या मागे तंबोऱ्यासारखी घुमत राहणारी, विजेवर चालणारी, डब्याएवढी पेटी. बंगळूरच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला जोडणारी बाई फार बोलायची नाही. शेवटी तिनं माझं गोल बटण हळूहळू फिरवत बाराच्या बारा सूर लावून पाहिले, प्रत्येकाला कान दिला आणि मग मला खोक्यात घातलं. माझे सगळे सूर ऐकणारं माझ्या आयुष्यातलं ते एकमेव माणूस.

सुमंतकाकांनी मला पुण्यात विकत घेतलं आणि भाजणीच्या दोन पिशव्यांच्या मध्ये घालून अमेरिकेला आणलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मला उलटंपालटं करून विचारलं, “हे काय?” काका गडबडून म्हणाले, “रिलिजियस.” त्याला माझ्यापेक्षा भाजणीचाच जास्त संशय आला. इथल्या विजेवर मी चालेना, म्हणून मला विटेएवढा कन्व्हर्टर जोडला. तो माझ्यापेक्षा गरम व्हायचा.

काका माणूस वाईट नाही. नवीन कुटुंब आलं की एअरपोर्टवर गाडी घेऊन जाणार, रविवारी बेसमेंटमध्ये गाणं शिकवणार, वर पोहे खायला घालणार. पण त्यांचा स्वतःचा सा काळी एकवर, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. त्यांच्या गुरुजींचाही तिथेच होता. म्हणून सगळ्यांचा तिथेच.

आता हे मला कळतं ते त्यांना कसं कळत नाही? प्रत्येक गळ्याची उंची वेगळी असते. काळी एक बहुतेक पुरुषांना सोयीची. बायकांचा सा बराच वेगळ्या ठिकाणी, काळी चार, काळी पाचच्या आसपास बसतो. त्यांना काळी एकवर उभं केलं की सुरुवात कशीबशी निभावते आणि वर चढताना आवाज फाटतो.

माझ्यासमोर असा फाटलेला पहिला आवाज शोभामावशीचा. नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली. अंतऱ्याला तिचा आवाज चिरकला. काका हसून म्हणाले, “शोभा, भाव आहे हो तुझ्यात. सूर नाही. तू आपली मॅनेजमेंट बघ.” सगळे हसले. तीही हसली.

मॅनेजमेंट म्हणजे सतरंज्या, चहा आणि कागदी प्लेटा. बावीस वर्षं.

पण क्लास संपला की ती बेसमेंटच्या सिंकमध्ये कप धुताना गुणगुणायची. सगळे वर गेलेले असायचे. मी बंद असायचे, तरी मला ऐकू यायचं. तिचा सा काळी चारवर. सरळ, जराही न हलणारा. तोच सूर माझ्याही पोटात होता, बटण सात घरं पुढं फिरवलं की लागणारा. पण माझं बटण मला फिरवता येत नाही.

एकदा ते फिरलं. गणपतीच्या कार्यक्रमात काका गात असताना चार वर्षांच्या सावनीनं खेळता खेळता मला पांढरी चारवर नेलं. काकांचा सूर निसटला, पण मध्येच थांबणं त्यांना कमीपणाचं वाटलं. अंतरा आला आणि भर हॉलमध्ये त्यांचाच आवाज फाटला. मला वाटलं, आता तरी लक्षात येईल! दुसऱ्या दिवशी त्यांनी फेविक्विक आणलं आणि माझं बटण काळी एकवर कायमचं चिकटवलं.

त्या सावनीला शोभामावशीनंच सांभाळलं. तिचे आईवडील ऑफिसात असायचे, आणि ती मावशीचं पाळण्याचं गाणं ऐकत झोपायची. ती कॉलेज संपवून परत आली त्याच उन्हाळ्यात शहरानं संगीताचा दिवस जाहीर केला. जूनमध्ये एक दिवस, शहरभर, कोपऱ्याकोपऱ्यावर. कुणीही यावं, काहीही वाजवावं, सगळं फुकट. आमच्या मंडळींना लायब्ररीसमोरचा कोपरा मिळाला.

आणि काकांनी निवड चाचणी ठेवली.

“काका, फ्लायरवर ‘ओपन टू ऑल’ लिहिलंय,” सावनी म्हणाली.

“ते त्यांच्यासाठी. आपलं एक स्टँडर्ड आहे.”

“आणि लोक व्हिडिओ काढतात गं,” शैलजाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी म्हणाल्या. “सगळ्या ग्रुप्सवर फिरेल.”

चाचणीला शोभामावशीनं नाव दिलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. जुलैअखेर ती मुलाकडे अ‍ॅशबर्नला कायमची राहायला जाणार होती. जाण्याआधी एकदा, एवढंच तिचं म्हणणं. ती माझ्यासमोर बसली. मी काळी एक घुमवत राहिले, कारण मला दुसरं काही येऊच दिलेलं नाही. ती वर चढली आणि फाटली. माझ्यामुळे फाटली.

“असू दे,” काकू मायेनं म्हणाल्या. “शोभा, चहा किती लोकांचा आणायचा गं?”

“मावशीचा सा हा नाहीचे!” सावनी उसळली. “आमच्या कॉलेजच्या क्वायरमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकाला गळ्याची रेंज विचारतात. इथे कधी विचारली कुणी?”

“इथे विचारत नाहीत. इथे शिकतात,” काका म्हणाले.

“राहू दे बाळा,” मावशी म्हणाली. “मला खरंच नाही येत.”

ओरडावंसं वाटलं, येतं! बावीस वर्षं ऐकतेय मी! पण माझ्यातून बाहेर आलं ते तेच, काळी एक, काळी एक, काळी एक.

तो दिवस उजाडला. पलीकडच्या कोपऱ्यावर एक पोस्टमन बँजो वाजवत होता. कुणी बादल्या उलट्या टाकून बडवत होतं. एक लहान मुलगी शाळेतल्या बासरीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती आणि लोक दर वेळी टाळ्या वाजवत होते. आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीचे कुर्ते, छापील क्रमपत्रिका, आणि मागे थर्मासपाशी शोभामावशी. मला बॅटरीवर लावलं होतं.

सावनीचं नाव पुकारलं. ती सतरंजीवर आली आणि म्हणाली, “माझ्या वेळेत मावशी गाणार आहे.”

“अगं वेडी का तू,” मावशी कप सोडून मागे सरली. सावनीनं तिचा हात धरून तिला बसवलं. मग माझं बटण पकडलं. दोन्ही हातांनी जोर लावला. मीही लावला असता. बटण हललं नाही.

“मोडशील,” काका उठून उभे राहिले. “आहे त्या सुरात गाऊ दे, नाहीतर उठव तिला. लोक बघतायत.”

सावनीनं मला बंदच केलं.

अचानक इतकं शांत झालं की पलीकडचा बँजो जवळ आल्यासारखा वाटला. पंचवीस वर्षांत गाण्याच्या मध्ये मला कुणी बंद केलं नव्हतं.

“सावनी, श्रुतीशिवाय गायचं नाही. चालू कर.”

“नाही.”

“आधाराला सा लागतो, हे शिकवलंय ना तुला?”

“मावशीकडे तिचा आहे.”

“सावनी,” शैलजाकाकूंनी आवाज चढवला, “काका सांगतायत ना? चालू कर म्हणते ना मी!”

“नाही करणार, काकू.”

काका माझ्याकडे वाकले. सावनीनं माझ्या स्विचवर तळवा ठेवला आणि तो उचलला नाही. त्या तळव्याखाली मी कुणाच्याच उपयोगाची नव्हते. मावशीला धीर देता येईना, काकांना उत्तर देता येईना. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिचं बटण एकदा फिरवून बघा. आमच्या हातात नाही ते.

मावशीनं डोळे मिटले. फुटपाथवर तीन-चार माणसं थांबली. तिनं श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि सा लावला. काळी चार. मग पाळण्याचं गाणं. ती वर चढली. आणखी वर गेली. तिथे थांबली, जराही न फाटता.

काकांचा माझ्याकडे आलेला हात तसाच हवेत राहिला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मागे बसलेल्या मोठ्या माणसांनी हातातल्या क्रमपत्रिका एकेक करून सतरंजीवर ठेवल्या.