माझ्या लेकींची पानं

या ओरेस्तने आज पुन्हा कात्री हातात घेतली आहे. माझ्या लेकींना ओरबाडून झालं, तरी याचं समाधान नाही. मित्रांनो, काम नसलेला माणूस किती काम करतो, ते या तळघरात येऊन बघा.

मी गांजाच्या झाडांची जुनी आई आहे. सास्काटून शहरातल्या या घरात कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी सहा वर्षं माझी कुंडी आहे. खोड आता लाकडासारखं झालंय. मला तुरे धरू देत नाहीत. माझ्या फांद्यांची कलमं करून पलीकडच्या काळ्या तंबूत लेकी वाढवतात, तुरे त्यांना येतात. इथे गांजा लावायला कायद्याची परवानगी आहे, पण घरात चारच झाडं, असा नियम आहे. म्हणजे मी आणि त्या तिघी. एक गेली तर तिच्या जागी दुसरी तयार व्हायला चार महिने जातात.

त्या तुऱ्यांचं तेल ओरेस्तची बायको स्तेफानिया बोटांना चोळते. संधिवाताने तिची बोटं वळत नाहीत. नाताळाआधी चर्चच्या सभागृहात बायका बसून पेरोही, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्या, करतात, हजारोंनी. प्रत्येकीची कड चिमटून मिटवावी लागते. चाळीस वर्षं त्या टेबलावर स्तेफानियाचा शब्द चालतो. तेल चोळलं की सकाळचे दोन तास बोटं ऐकतात, असं ती सांगते. ते दोन तास तिला पुरतात.

ओरेस्त पूर्वी शहाणा होता. धान्याच्या कोठारावर नोकरी, संध्याकाळी दमून यायचा. तुऱ्यावर सावली धरणारं एखादं पान काढायचा, बुडाशी पिवळं पडलेलं काढायचा आणि जेवायला वर जायचा. उजेड खालपर्यंत पोचायचा, वारा खेळायचा, लेकी भरायच्या. शेजारचा वासिल म्हणायचा की असे तुरे त्याने बघितले नाहीत. कौतुक ओरेस्तने घेतलं. माझं नाव कुणी काढलं नाही.

मग तो निवृत्त झाला आणि फोनवर कुणा दाढीवाल्याचे व्हिडिओ बघू लागला. दाढीवाला सांगतो, तुरे धरू लागल्यावर एकविसाव्या दिवशी सगळी मोठी पानं उतरवा. त्याची झाडं तगडी असतील. इथे त्याच आठवड्यात ओरेस्तने लेकींच्या कुंड्याही बदलल्या होत्या, मुळं अजून सावरली नव्हती. याने दिवस मोजले, झाडाकडे बघितलं नाही. बादलीभर पानं उतरवली. पानं म्हणजे आमची चूल. चूल उचलून न्यायची आणि वर विचारायचं, स्वयंपाक का झाला नाही? लेकी होत्या तिथेच थांबल्या. आठवड्याने याला वाटलं, आपण कमीच काढली. उरलीसुरलीही काढली.

धाकटीने हाय खाऊन नरफुलं धरली. तिचे पराग उडाले असते तर दोघी थोरल्यांच्या तुऱ्यांत नुसत्या बिया भरल्या असत्या, म्हणून तिला उपटावी लागली. थोरल्याही आता काही देणार नाहीत, हे मला इथून दिसतं.

आज स्तेफानिया कठड्याला धरत खाली आली. तिने रिकामी कुंडी बघितली, तंबूतले दोन खराटे बघितले.

"कोंबडी सोलावी तशी सोललीस रे यांना."

अजून थोडी काढली की सुधारतील, असं काहीतरी तो पुटपुटला. आता आईला जरा मोकळी करतो म्हणाला आणि कात्री घेऊन माझ्याकडे वळला.

"इकडे दे ती," स्तेफानिया म्हणाली.

कुठलं एक पान काढायचं, ते ती त्याला दाखवणार होती. पण तिची बोटं कात्रीच्या कड्यांत शिरेनात. तिने दोनदा प्रयत्न केला. ओरेस्त बघत राहिला. तिने कात्री यंत्रावर ठेवून दिली.

"यंदा पेरोही चर्चमधल्या त्या ओल्हाला मिटवू दे," ती म्हणाली. "तू वर ये आणि फावडं घे. दारात गुडघाभर बर्फ आहे. हाताला काम हवंय ना तुझ्या?"

ती गेली. तो मात्र माझ्यासमोरच उभा राहिला, खिशात हात घालून. त्याला ऐकू जावो न जावो, मी मोठ्याने बोलले:

"ओरेस्त, आधी दहा दिवस नुसतं बघत बसायला शीक. मग सावली धरणारं एक पान काढ आणि गुमान जिना चढ. तिच्या बोटांना तेल हवं होतं. तू तुझ्या बोटांना खेळ दिलास."